तापलेला आश्विन आणि मालव्याची थंडी

कोजागरी झाली की दुसऱ्या दिवशी रजयांची ट्रंक उघडायची, असा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा शिरस्ता आहे. आजीने घालून दिलेला नियम आईने पाळला आणि आता आमच्या घरात तो माझ्या पत्नीच्या शिस्तीने चालतो. रजया गच्चीवर पसरायच्या, डांबराच्या गोळ्यांचा वास उडून जाईपर्यंत दोन दिवस ऊन द्यायचे, आणि मग ज्याची त्याची रजई ज्याच्या त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी. २०२४ साली कोजागरी १६ ऑक्टोबरला होती. त्या रात्री आम्ही केशरी दूध प्यालो ते पंख्याखाली बसून. दुसऱ्या दिवशी रजया नियमाप्रमाणे वर गेल्या, उन्हे खाऊन खाली आल्या आणि परत ट्रंकेत गेल्या. "पुढच्या महिन्यात बघू," एवढेच बोलून पत्नीने कुलूप लावले. इंदुरातल्या पुष्कळ घरांतून त्या वर्षी हेच घडले असावे.

मग दिवाळी आली. फराळाला आलेला पाहुणा चकली मोडता मोडता एक प्रश्न हमखास विचारतो : "काय हो, यंदा थंडी कशी पडेल?" या प्रश्नावर आमच्या दिवाणखान्यात दोन पक्ष पडतात. थोरले मामा म्हणतात, "आश्विन तापला की पौष गोठवतो. निसर्ग उधारी ठेवत नाही." वहिनींचे म्हणणे याच्या नेमके उलट : "आता हिवाळा कुठला राहिलाय? स्वेटर विणून मी सुया मोडल्या, घालायला दिवस मिळत नाहीत." दोन्ही पक्ष दरवर्षी तितक्याच जोमाने बोलतात आणि फेब्रुवारीत कोणीही हिशेब मागत नाही.

माझ्यापुरता मात्र हा प्रश्न केवळ फराळाचा नव्हता. सांवेरच्या बाजूला आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. ती एक वाटेकरी, इकडच्या बोलीत बटाईदार, फार वर्षांपासून सांभाळतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. त्याला गव्हाची पेरणी करायची होती आणि रात्री उतरत नव्हत्या. "दादासाब, गेहूँ बोऊँ के ठेरूँ?" एवढाच त्याचा सवाल. मी शिकलेला माणूस, वर्तमानपत्रे वाचणारा, तेव्हा मला काही ठाऊक असेल अशी त्याची भाबडी समजूत. मी काय सांगितले आणि त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

प्रथम आपल्या आठवणींची झडती घेतली पाहिजे. "आमच्या लहानपणी अभ्यंगस्नानाला दात वाजायचे," असे आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणतो. पण दिवाळी ही तिथीने येते आणि थंडी सूर्याच्या हिशेबाने येते, हे आपण विसरतो. नरक चतुर्दशी २०२३ साली १२ नोव्हेंबरला होती, २०२४ साली ३१ ऑक्टोबरला, आणि २०२५ साली थेट २० ऑक्टोबरला. म्हणजे दोन वर्षांत आपले अभ्यंगस्नान तेवीस दिवसांनी अलीकडे सरकले. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने ते पुन्हा ८ नोव्हेंबरवर नेले. मालव्यात या तेवीस दिवसांत रात्रीचा पारा चांगला चार-पाच अंशांनी उतरत असतो. ज्या दिवाळीत दात वाजले ती बहुधा अधिक मासानंतरची, उशिराची दिवाळी असते, आणि नेमकी तीच स्मरणात राहते. ज्या वर्षी ओल्या अंगाने सुखाने पाटावर बसलो त्या वर्षाची आठवण कोण ठेवतो? वहिनींच्या पक्षाने हा दोष आपल्या पुराव्यातून आधी वजा करावा.

तो वजा करूनही जे शिल्लक उरते ते लहान नाही. २०२४ चा ऑक्टोबर हा, १९०१ पासूनच्या नोंदी पाहता, भारतातला सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. महिन्याची देशाची सरासरी २६.९२ अंश सेल्सिअस भरली. नेहमीची सरासरी २५.६९ आहे, म्हणजे सव्वा अंशाची वाढ. पण माझ्या मते त्या नोंदीतला बोलका आकडा हा नव्हे. रात्रीच्या किमान तापमानाची सरासरी २१.८५ अंश होती आणि ती असायला हवी होती २०.०१. दिवसरात्र मिळून वाढ सव्वा अंशाची आणि एकट्या रात्रीची जवळजवळ पावणेदोन-दोन अंशांची, याचा अर्थ उघड आहे : दिवस थोडे तापले, रात्री पुष्कळ तापल्या. आपण घाम पुसत दुपारकडे बोट दाखवीत होतो आणि खरा फरक रात्री पडला होता.

रात्र का तापते? पाऊस परतला की आकाश निवळते, हवा कोरडी होऊ लागते, आणि दिवसभर जमिनीने साठवलेली उष्णता रात्री मोकळ्या आकाशात निघून जाते. शबे मालवा म्हणून ज्या रात्रीची ख्याती आहे, ती याच व्यवहाराची देणगी. समुद्रापासून दूर, साडेपाचशे मीटर उंचीचे पठार, कोरडी स्वच्छ हवा. सूर्य मावळला की तासाभरात अंगणात झुळूक फिरते. पण हवेत दमटपणा राहिला किंवा रात्री ढग आले, की ते जमिनीवर पांघरूण घातल्यासारखे होते, उष्णता वर जाऊ शकत नाही. २०२४ साली हेच झाले. राजस्थानातून पावसाच्या माघारीला १७ सप्टेंबरऐवजी २३ सप्टेंबरला आरंभ झाला. बंगालच्या उपसागरात एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रे होत राहिली. त्यांतलेच एक 'दाना' चक्रीवादळ होऊन २४-२५ ऑक्टोबरच्या रात्री ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळले. त्यामुळे पूर्वेकडून दमट वारे येत राहिले. उत्तरेकडे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ, जे हिमालयात बर्फ टाकतात आणि मागे कोरडा गार वारा सोडून जातात, ते त्या महिन्यात जवळजवळ फिरकलेच नाहीत. दार उघडायचे ते उघडले नाही आणि झाकायचे ते झाकलेलेच राहिले.

(हे १७ सप्टेंबरही नवेच. २०२० पर्यंत माघारीची रूढ तारीख १ सप्टेंबर मानली जाई. अलीकडचा अनुभव पाहून हवामान खात्याने ती सोळा-सतरा दिवस पुढे नेली. आपण हस्ताचा पाऊस मोजणारी माणसे, आपल्याला ते कोणी सांगायला नको होते. पण सरकारी कागदावर आले म्हणजे खरे होते.)

शहरात आणखी एक भर पडते. राजवाड्याच्या आसपासचे आमचे जुने वाडे मातीच्या विटांचे, लाकडी माळ्यांचे, मध्ये चौक. चौकातून रात्रीची उष्णता निघून जाई. आता चौक बुजले, चार मजले चढले, आणि सिमेंटची भिंत पहाटे तीनलाही हाताला कोमट लागते. तेव्हा इंदुरात बसून मालव्याच्या रात्रीविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. सांवेरला तीच रात्र दोन-तीन अंशांनी थंड असू शकते. थंडीचा अंदाज घ्यायचा तर शहराबाहेर, काळ्या मातीवर उभे राहून घ्यावा.

ऑक्टोबरचे ऊन ही मुळात वाईट गोष्ट नव्हे, हेही बोलले पाहिजे. सोयाबीन कापून खळ्यावर आले की त्याला कडक ऊनच हवे. ओले सोयाबीन मंडीत नेले तर व्यापारी दाणा दाताखाली धरतो आणि भाव पाडतो. तिकडे कोकणातला हापूसवालाही ऑक्टोबरचे ऊन मागतो. जमीन थोडी तडकली, झाडाला ताण बसला आणि मागून थंड रात्री आल्या, तर मोहोर धरतो. रात्री उबदारच राहिल्या तर झाड मोहोराऐवजी पालवीच काढत बसते. कोकणचा बागाईतदार आणि मालव्याचा गहूवाला यांची गाठ सहसा पडत नाही, पण दोघांची मागणी एकच : दिवस हवे तितके तापोत, रात्र उतरली पाहिजे.

आता मामांच्या सिद्धांताकडे येऊ. आश्विन तापला की पौष गोठवतो, हे खरे काय? २०२४ च्या डिसेंबरात मामांचा विजय झाला असे सर्वांना वाटले. डिसेंबरच्या मध्यास उत्तरेचा वारा असा काही सुटला की भोपाळचा पारा ३.३ अंशांवर आला. १९६६ नंतर तिथे डिसेंबरात इतकी थंडी पडली नव्हती. इंदुरातही सकाळी चहाचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागे. ट्रंक उघडली, रजया निघाल्या, सराफ्यात गराडूच्या कढईभोवती गर्दी लोटली. गराडू म्हणजे काय हे पुण्याच्या वाचकाला सांगावे लागेल, इथल्याला नाही. जिरावन मसाला भुरभुरलेला तो गरम तुकडा तोंडात घातल्यावाचून इंदुरात हिवाळा लागला असे कोणी मानीत नाही. मामांनी आठवडाभर प्रत्येकाला फोन करून आपले भाकीत आठवून दिले.

पण मामांचा फोन जानेवारीत थांबला. तो जानेवारी देशात १९०१ पासूनचा तिसरा उष्ण जानेवारी निघाला, आणि फेब्रुवारी तर सर्वांत उष्ण : सरासरी २२.०४ अंश, नेहमीपेक्षा १.३४ अंशांनी अधिक. गंमत अशी, की सबंध शरद ऋतूभर वर्तमानपत्रे सांगत होती, प्रशांत महासागरात ला निनाचे गार पाणी वर येत आहे, तेव्हा हिवाळा कडक जाणार. ती ला निना यायची ती जानेवारी २०२५ मध्ये आली, दुबळी आली, आणि वसंतात निघूनही गेली. तिच्या भरवशावर ज्यांनी लोकरीचा माल भरला त्यांची स्थिती मी बाजारात पाहिली आहे.

म्हणजे उष्ण ऑक्टोबरानंतर डिसेंबरात विक्रमी थंडी पडली आणि फेब्रुवारीत विक्रमी उष्णताही. मग ऑक्टोबरने सांगितले काय? माझे मत असे, की थंडी किती खोल जाईल हे ऑक्टोबर सांगत नाही. ते एका आठवड्याच्या वाऱ्यावर ठरते, आणि तो वारा त्या आठवड्याच्या आधी कोणाला दिसत नाही. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मिळून सांगतात ते एवढेच, की थंडीचा मुक्काम किती दिवसांचा असेल. २०२४ साली नोव्हेंबरातही देशातले दिवस नेहमीपेक्षा बरेच तापलेले होते. एकीकडून कार्तिक गेला, दुसरीकडून माघ गेला, मधले सहा आठवडे हातात राहिले. त्यांत आठ दिवस हाडे गोठवणारे पडले म्हणून हिवाळा जोरदार झाला असे म्हणणे, म्हणजे पाहुणा दोन दिवस राहून कडाडून भांडून गेला म्हणून तो महिनाभर राहिला असे म्हणण्यासारखे आहे.

याला अपवाद आहे, आणि तो अगदी ताजा आहे. २०२५ चा ऑक्टोबर पावसाने भिजवला. देशात नेहमीच्या जवळजवळ दीडपट पाऊस झाला, दिवस गार गेले, हिमालयात बर्फही लवकर पडले. नोव्हेंबरच्या मध्यास भोपाळ ५.२ अंशांवर उतरले. तिथला नोव्हेंबरचा १९४१ सालापासून टिकलेला नीचांक मोडला. त्या वर्षी कार्तिक आपल्याला परत मिळाला. तेव्हा हिवाळा दरवर्षी दोन्ही टोकांनी झिजतोच असा नियम मी मांडणार नाही. कल मात्र त्या दिशेचा आहे. २०२४ हे भारतात १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष, आणि पृथ्वीच्या सरासरीचेही तेच.

थंडीचा मुक्काम कमी झाला तर बिघडले कुठे, असे शहरातला माणूस विचारील. गव्हाला विचारावे. पेरणीच्या वेळी दिवसरात्रीचे सरासरी तापमान वीस-बावीस अंशांच्या आसपास असावे लागते. त्याहून बरेच अधिक असले तर रोप घाईने वर येते, फुटवे कमी धरते आणि वेळेआधी ओंबीवर येते. वरची माती लवकर सुकते, वाळवी लागते. म्हणून शेतकरी थांबतो. पण जितके दिवस इकडे थांबला तितके दिवस तिकडे पीक पुढे ढकलले जाते, आणि दाणा भरण्याचा काळ फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतो. मग दाणा चिमतो. मार्च २०२२ मध्ये असे झाले. तो १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च होता. फेब्रुवारीत सरकारी अंदाज ११ कोटी १३ लाख टन गव्हाचा होता, तो मे महिन्यात १० कोटी ६४ लाखांवर आणावा लागला, आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. रशिया-युक्रेन युद्धामुळे जगात भाव चढलेले असताना आपला शेतकरी त्या बाजारात जाऊ शकला नाही. दोन आठवड्यांच्या उन्हाची एवढी किंमत पडली.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर वहिनी म्हणतील मी घाबरवतो आहे. २०२५ चा फेब्रुवारी इतका तापूनही त्या वर्षी देशात गहू विक्रमी झाला, ११ कोटी ७० लाख टनांच्या वर. वेळेवर झालेली पेरणी आणि ऊन सोसणारी नवी वाणे, ही त्याची कारणे सांगितली जातात. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राचा यात वाटा आहे. एच. आय. ही अक्षरे ज्या वाणांच्या नावापुढे लागतात ती इथली. पुसा तेजस नावाने शेतकरी जो काठा गहू पेरतात तो इथलाच, एच. आय. ८७५९. १९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर इथे आपली संस्था उभी केली आणि कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर नेली, तेव्हापासून या गावाला शेतीच्या प्रयोगांची सवय आहे. आपल्या मुलांना सराफा आणि छप्पन दुकान ठाऊक असते, हे ठाऊक नसते.

पश्चिमी विक्षोभांचा मालव्याशी संबंध फक्त थंडीचा नाही. त्यांच्यातूनच अधूनमधून पौष-माघात एखादी सर येते. तिला इकडे मावठा म्हणतात, आपल्या खानदेशात मावठ, आणि बडोद्याकडच्या गुजरातीत मावठुं. शब्द एकच, पण गुजरातेत त्याच्या नावाने कपाळावर आठी पडते, आणि मालव्यात हरभरा-गहूवाला त्याची वाट पाहतो, कारण जिरायती गव्हाला ते फुकटचे एक पाणी मिळते. विक्षोभ आले नाहीत तर थंडीही जाते आणि मावठाही जातो. फार जोरात आले आणि मागे आकाश एकदम निवळले, तर पहाटे पाला पडतो. महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेली आमची एक काकू "पाला पडला" हे ऐकून झाडू घेऊन अंगणात गेली होती, ही कथा आमच्या घरात अजून सांगतात. पाल्याने हरभऱ्याची फुले आणि बटाट्याची पाने एका रात्रीत काळी पडतात. कमी दिवसांच्या थंडीतही हा धोका कमी होत नाही. डिसेंबर २०२४ ने तो दाखवून दिला.

आता माझ्या सल्ल्याची गोष्ट. मी त्या नोव्हेंबरात आमच्या माणसाला सांगितले, "थांब. ला निना आहे, थंडी लांबणार आहे. रात्री उतरल्या की पेर." तो थांबला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पेरणी झाली. शेजारच्याने, कोणाला न विचारता, बाराव्या-तेराव्या दिवशीच पेरले होते. डिसेंबरची थंडी दोघांनाही मानवली. फेब्रुवारीत शेजाऱ्याचा दाणा बराच भरून आला होता, आमचा अजून दुधात होता. बिघ्यामागे दीड क्विंटल कमी पडले. त्याच्या वाट्याचे जे गेले ते मी माझ्या वाट्यातून भरून दिले. तो नको म्हणत होता. "आसमान का काम आसमान जाने," असे म्हणाला. पण मला ते आकाशाच्या नावावर टाकता येईना, कारण थांब हा शब्द माझा होता.

त्यानंतर आम्ही एक रीत ठरवली आहे. ऑक्टोबर कसा गेला यावर काही ठरवायचे नाही. दिवसाचे ऊन मोजायचे नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसापासून तो पहाटे पाचला खळ्यावर टांगलेल्या तापमापकाचा आकडा मला फोनवर सांगतो. तीन पहाटा लागोपाठ सोळा अंशांच्या खाली गेल्या की अर्ध्या जमिनीत गहू पडतो, आणि नाहीच गेल्या तरी पंधरा तारखेपलीकडे कशासाठीही थांबायचे नाही. उरलेल्या अर्ध्यात आठ दिवसांनी लवकर येणारे वाण. २०२५ साली तीन पहाटा फार लवकर जमल्या. त्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा तो नुसता आकडा सांगून थांबला नाही, म्हणाला, "दादासाब, मेढ़ पर ओस जमी है, चप्पल भीग गई." इकडे पत्नीने मला न विचारता ट्रंकेची किल्ली काढली होती.